तुरुंगातल्या अनोळखी माणसासाठी: आपल्या गावात पत्रगट कसा सुरू करावा

सप्टेंबर १८९७ मध्ये लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. कारण होतं ‘केसरी’तलं लिखाण. एवढं आपण शाळेत शिकतो. पुढच्या वर्षी त्यांच्या सुटकेसाठी इंग्लंडमधून राणी व्हिक्टोरियाकडे एक अर्ज गेला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यावर संस्कृत पंडित मॅक्समुल्लर यांची सही होती, इतिहासकार विल्यम हंटर यांची होती, दादाभाई नौरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांचीही होती. सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. मॅक्समुल्लर आयुष्यात कधी हिंदुस्थानात आले नाहीत, टिळकांना भेटले नाहीत. टिळकांच्या राजकारणाचा पुरस्कार करायला ते निघाले नव्हते. वेदकाळावर ‘ओरायन’ लिहिणारा अभ्यासक गजाआड आहे, एवढं त्यांना पुरलं.

आम्ही साताऱ्यात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नऊ जण जमतो आणि जे करतो ते याच जातीचं काम आहे. कुठल्या तरी देशात, कधी आपल्याच राज्यात, एक माणूस फक्त त्याच्या मतांमुळे कैदेत असतो. आम्ही त्याच्यासाठी पत्रं लिहितो. मी निवृत्त शिक्षिका आहे. गटात एक औषध दुकानदार आहेत, दोन कॉलेजातल्या मुली आहेत, एसटीतून निवृत्त झालेले एक काका आहेत. कायद्याची पदवी आमच्यापैकी एकाकडेही नाही. ‘आमच्या गावात असं सुरू करायचं तर काय करावं लागतं?’ असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

पहिली पायरी: कोणासाठी लिहायचं ते पक्कं करा

हे काम संघटितपणे सुरू झालं १९६१ साली. पीटर बेनेन्सन या इंग्रज वकिलाने २८ मे १९६१ च्या ‘ऑब्झर्व्हर’ या लंडनच्या वर्तमानपत्रात विसरल्या गेलेल्या कैद्यांवर लेख लिहिला आणि त्यातून ॲम्नेस्टी इंटरनॅशनल ही संस्था उभी राहिली. ‘प्रिझनर ऑफ कॉन्शन्स’ हा शब्दही तिथूनच रुळला. आमच्या गटात आम्ही त्याला ‘विवेकबंदी’ म्हणतो. आपल्या राजकीय किंवा धार्मिक मतांमुळे, भाषेमुळे, वंशामुळे, लिंगामुळे किंवा अशाच कारणामुळे जो कैदेत आहे, आणि ज्याने हिंसा केलेली नाही, हिंसेला किंवा द्वेषाला चिथावणीही दिलेली नाही, तो विवेकबंदी.

व्याख्येचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे आणि नवे कार्यकर्ते तिथेच अडखळतात. नेल्सन मंडेलांना ॲम्नेस्टीने १९६२ मध्ये विवेकबंदी मानलं होतं. १९६४ मध्ये घातपाताच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली, त्यांनी सशस्त्र लढ्याची जबाबदारी स्वीकारली, तेव्हा संस्थेने ते नाव काढून घेतलं. यावर सदस्यांमध्ये मोठा वाद झाला. आमच्याकडेही हा विषय निघाला की आवाज चढतात. मला तो निर्णय अजूनही बोचतो, पण त्यामागचं शिस्तीचं कारण समजतं. तुम्ही एकदा ‘अहिंसक’ असं कागदावर लिहिलंत की समोरचा अधिकारी तेवढ्याच शब्दाला धरून तुम्हाला खोटं पाडायला बघतो.

हिंसेचा आरोप असलेल्या माणसासाठी काहीच मागायचं नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. छळ होऊ नये, निःपक्ष खटला चालावा, वकील मिळावा, उपचार मिळावेत हे प्रत्येक कैद्यासाठी मागता येतं. कैद्यांना कसं वागवावं याचे संयुक्त राष्ट्रांचे किमान नियम २०१५ मध्ये सुधारले गेले, तेव्हा त्यांना मंडेलांचंच नाव दिलं गेलं. सलग पंधरा दिवसांहून जास्त एकांतवास देऊ नये, हे त्यांतलंच. विनाअट सुटकेची मागणी विवेकबंदीसाठी आणि माणुसकीच्या वागणुकीची सर्वांसाठी, एवढा फरक ध्यानात ठेवा.

सुरुवातीच्या गटांची एक पद्धत आम्ही उचलली आहे. तेव्हा प्रत्येक गट तीन कैदी दत्तक घ्यायचा: एक पाश्चिमात्य गोटातल्या देशातला, एक कम्युनिस्ट देशातला, एक नव्याने स्वतंत्र झालेल्या जगातला. ते गोट आज राहिले नाहीत, पण युक्ती जुनी झालेली नाही. तुमच्या तिन्ही प्रकरणांतली सरकारं एकाच विचाराची असतील तर गावात लोक तुम्हाला एका पक्षाचे म्हणून ओळखू लागतील, आणि ते चुकीचं आहे असं तुम्हाला ठामपणे सांगता येणार नाही.

दुसरी पायरी: चार माणसं आणि एक वही

गट सुरू करायला चार जण पुरतात. वाचनालयाची मागची खोली, कुणाचा दिवाणखाना, काहीही चालतं. दिवस मात्र ठरलेला हवा. ‘सगळ्यांना जमेल तेव्हा’ म्हणणारे गट तिसऱ्या महिन्यात बंद पडलेले मी पाहिले आहेत.

नोंदणी, लेटरहेड, अध्यक्ष, बँक खातं यांच्या मागे लागू नका. आम्ही पत्रं व्यक्ती म्हणून लिहितो, स्वतःच्या नावाने. खर्च असतो पाकिटांचा, तिकिटांचा आणि चहाचा. तो डब्यात टाकलेल्या पैशांतून भागतो. परदेशातून एक रुपयाही घेऊ नका, पाठवणारा तुमचा सख्खा भाऊ असला तरी गटाच्या कामासाठी नको. परदेशी निधीचा कायदा कडक आहे. ॲम्नेस्टीच्या भारतातल्या शाखेची बँक खाती गोठवली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये तिला इथलं काम थांबवावं लागलं. संस्थेची प्रकरणांची माहितीपत्रकं आणि तातडीची आवाहनं इंटरनेटवर वाचायला मिळतात. ती वाचून पत्र लिहायला कुणाचं सदस्य असावं लागत नाही.

वही मात्र पहिल्याच दिवशी घ्या. जाड पुठ्ठ्याची, आखीव. प्रत्येक कैद्याला चार पानं. अटकेची तारीख, कलम, शिक्षा, तुरुंगाचं नाव, शेवटची खात्रीची बातमी कधीची आणि कुठून आली, आपण कुणाला कोणत्या तारखेला लिहिलं, उत्तर आलं का. आमच्या वहीत उत्तराचा रकाना बहुतेक रिकामा आहे. तरी तो आखायचा.

तिसरी पायरी: माहिती तपासा, मग पुन्हा तपासा

सुरुवातीच्या वर्षातली माझी एक चूक सांगते. व्हॉट्सॲपवर फिरत आलेल्या मजकुरावरून मी एका पत्रकाराच्या सुटकेचं पत्र तयार केलं. अकरा सह्या झाल्या, पत्र गेलं. तो माणूस चार महिन्यांपूर्वीच सुटला होता. मला रात्री झोप लागली नाही. ज्या अधिकाऱ्याकडे ते पत्र पोहोचलं, त्याला पुढची आमची सगळी पत्रं कचऱ्यात टाकायला मी कारण दिलं होतं.

तेव्हापासून आमचा नियम आहे: एकमेकांवर अवलंबून नसलेल्या दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय पत्र निघत नाही. एकच बातमी पाच संकेतस्थळांवर असली म्हणजे पाच आधार होत नाहीत, मूळ बातमी एकच असू शकते. निकालपत्र मिळालं तर सर्वांत उत्तम. भारतातल्या खटल्यांचे आदेश ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर खटल्याच्या क्रमांकावरून सापडतात. परदेशी प्रकरणांसाठी मानवी हक्क संघटनांची ताजी पत्रकं पाहा, आणि संयुक्त राष्ट्रांच्या मनमानी अटकेविषयीच्या कार्यगटाने मत दिलं आहे का ते शोधा. १९९१ पासून काम करणारा हा कार्यगट जिनिव्हात आहे, त्याची मतं जाहीर असतात, आणि पत्रात त्यांचा हवाला देता आला की पत्राला वजन येतं.

तातडीचं आवाहन असेल तर त्यावरची मुदत बघा. मुदत उलटल्यावर परिस्थिती बदललेली असू शकते.

चौथी पायरी: घरच्यांचा शब्द शेवटचा

बाहेर बोभाटा झाला तर आतल्या माणसाचं बरं होईल की वाईट, हे साताऱ्यात बसून आपल्याला कळत नाही. घरच्यांना किंवा वकिलांना ते कळण्याची शक्यता जास्त. मोठ्या संस्थांच्या आवाहनांत ही परवानगी आधी घेतलेली असते, कैद्याला थेट पत्र पाठवावं की नाही हेही लिहिलेलं असतं. प्रकरण तुम्ही स्वतः हाती घेतलं असेल तर परवानगी तुम्हीच घ्यायची. घरच्यांनी ‘आता थोडे दिवस थांबा’ म्हटलं तर त्याच दिवशी थांबायचं, का ते विचारत बसायचं नाही.

कुटुंब आपल्या भागातलं असेल तर भेटायला दोघांनीच जावं, त्यात एक बाई असावी. फोटो काढू नका. पोलीस येऊन गेल्यावर शेजारी ज्या घराकडे बघत नाहीत, त्या घरात तुम्ही बसणार आहात. प्रकरणाचे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत. नंतर हळूहळू त्यांना लागणारी मदत अगदी साधी असते असं दिसतं. तुरुंगातल्या मुलाखतीसाठी, म्हणजे कैद्याच्या भेटीसाठी, ई-मुलाकात या सरकारी संकेतस्थळावर नाव नोंदवून देणं. आधार कार्डावरचं आणि तुरुंगाच्या नोंदीतलं नाव जुळतंय का ते पाहणं. तारखेच्या दिवशी कोर्टात सोबत बसणं. कैद्याला कँटीनमधून साबण, बिस्किटं घेता यावीत म्हणून मनीऑर्डर कशी करायची ते समजावणं. एका आजींना आम्ही सहा महिने हेच करत होतो. त्यांना आमच्या पत्रांचं कौतुक नव्हतं. मुलाखतीच्या रांगेत कुणीतरी शेजारी उभं आहे, याचं होतं.

पाचवी पायरी: पत्र

अधिकाऱ्याला लिहिलेलं पत्र एका पानाचं असावं. आपला परिचय एका वाक्यात. कैद्याचं पूर्ण नाव. काय घडलं ते तारखांसह. काय हवं ते स्पष्ट. शेवटी उत्तराची विनंती. शिव्या, उपरोध, त्या देशाच्या धर्मावर किंवा संस्कृतीवर टिप्पणी, यांतलं एक वाक्यसुद्धा नको. राग येतोच, यायलाच हवा, पण तो बैठकीत बोलून टाका. पत्र वाचणाऱ्या कारकुनाने ते वरच्या टेबलावर न्यावं, यासाठी ते लिहायचं आहे.

आम्ही नव्या सदस्यांकडून पहिलं पत्र बऱ्याचदा अहमद मन्सूर यांच्यासाठी लिहून घेतो. संयुक्त अरब अमिरातीतले हे इंजिनिअर आणि कवी. मानवी हक्कांवर लिहायचे. २०१५ मध्ये त्यांना मानवी हक्कांच्या कामासाठीचा मार्टिन एनल्स पुरस्कार मिळाला. २० मार्च २०१७ रोजी त्यांना घरून अटक झाली आणि मे २०१८ मध्ये समाजमाध्यमांवरच्या लिखाणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. पत्र साधारण असं होतं:

*महामहिम,*

*मी भारतातल्या सातारा शहरात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. श्री. अहमद मन्सूर यांच्याविषयी आपल्याला लिहीत आहे. त्यांना २० मार्च २०१७ रोजी अटक झाली आणि २०१८ मध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली. ही शिक्षा त्यांनी शांततेने मांडलेल्या मतांसाठी आहे असं मला प्रकरण वाचून वाटतं. त्यांना दीर्घकाळ एकांतवासात ठेवल्याचं वाचून मी अस्वस्थ आहे. सलग पंधरा दिवसांपलीकडचा एकांतवास संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत निषिद्ध आहे.*

*त्यांची विनाअट सुटका व्हावी, अशी माझी विनंती आहे. तोपर्यंत त्यांना अंथरूण, पुस्तकं, मोकळ्या हवेत फिरण्याची वेळ, घरच्यांची नियमित भेट आणि योग्य वैद्यकीय तपासणी मिळावी. आपल्या उत्तराची वाट पाहते.*

प्रत्यक्षात हे आम्ही साध्या इंग्रजीत लिहितो. परदेशी पत्रांना अलंकारिक इंग्रजी लागत नाही, कॉलेजातल्या मुली शुद्धलेखन बघतात. महाराष्ट्र सरकारला, इथल्या तुरुंग अधीक्षकांना किंवा मानवी हक्क आयोगाला लिहायचं असेल तर मराठीतच लिहा, ती राज्याची राजभाषा आहे.

छापील मजकुराच्या पन्नास प्रतींवर सह्या करण्यापेक्षा हाताने लिहिलेली पाच वेगवेगळी पत्रं बरी. एसटीतले काका आपल्या प्रत्येक पत्रात ‘मी बत्तीस वर्षं कंडक्टर होतो’ असं लिहितात. सुरुवातीला मला ते गैरलागू वाटायचं. आता वाटतं, वाचणाऱ्याच्या लक्षात राहणारं तेच वाक्य असेल.

पत्र मंत्र्याला जातं, त्याची प्रत दूतावासाला. अनेक देशांच्या वकिलाती मुंबईत आहेत, अमिरातीचीही आहे. देशातल्या पत्रांना पोहोच हवी असेल तर स्पीड पोस्टाने पाठवा. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे. साधं पोस्टकार्ड आजही ५० पैशांना मिळतं, आणि शंभर पोस्टकार्डांचा गठ्ठा टेबलावर पडला की तो दिसतो.

इथे एक सावधगिरी, आपल्याकडे फार गरजेची. सातारा, सांगली, रत्नागिरीकडच्या कितीतरी घरांतला कुणी ना कुणी आखातात नोकरीला आहे. ज्यांचा मुलगा दुबईत आहे त्यांनी अमिरातीच्या पत्रावर सही करू नये, आणि गटानेही त्यांना आग्रह करू नये. त्यांनी दुसऱ्या देशाचं पत्र लिहावं. आमच्याकडे हे आधीच विचारून वहीत नोंदवलेलं असतं. म्हणजे ऐन वेळी कुणाला ओशाळं व्हावं लागत नाही.

‘पण पत्रांनी काय होतं?’

हा प्रश्न प्रत्येक नवा माणूस विचारतो. त्याला खरं उत्तर द्या.

लुईझ बासिलियो रॉसी हे ब्राझीलचे प्राध्यापक. १९७३ मध्ये लष्करी राजवटीने त्यांना पकडलं. त्यांच्यासाठी जगभरातून पत्रं मागवण्याचं जे आवाहन निघालं, ते ॲम्नेस्टीचं पहिलं तातडीचं आवाहन. ते त्याच वर्षी सुटले. आपलं प्रकरण जगाला माहीत झालं आहे हे कळल्यावर आता हे आपल्याला मारू शकणार नाहीत अशी खात्री पटली, असं त्यांनी पुढे सांगितलं. डोमिनिकन रिपब्लिकमधले कामगार नेते हुलियो दे पेन्या वाल्देस यांची हकीकत तर या कामातल्या सगळ्यांना पाठ आहे. १९७५ मध्ये त्यांना कपडे काढून घेऊन कोठडीत डांबलं होतं. पहिली दोनशे पत्रं आली तेव्हा पहारेकऱ्यांनी कपडे परत दिले. पुढची दोनशे आली तेव्हा तुरुंगाचा प्रमुख भेटायला आला. पत्रं येतच राहिली, शेवटी राष्ट्राध्यक्षापर्यंत गेली, आणि सुटका झाली.

आता दुसरी बाजू. इल्हाम तोहती हे बीजिंगमध्ये शिकवणारे उइगुर अर्थतज्ज्ञ. उइगुर हा चीनमधला मुस्लीम अल्पसंख्य समाज. तो आणि बहुसंख्य हान चिनी यांच्यात संवाद व्हावा म्हणून तोहती लिहायचे. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना फुटीरतेच्या आरोपाखाली जन्मठेप झाली. २०१९ मध्ये युरोपीय संसदेचा साखारोव्ह पुरस्कार मिळाला. २०१७ नंतर ते कसे आहेत, कुठे आहेत, याची बातमी घरच्यांपर्यंत आलेली नाही. त्यांच्यासाठी जगभरातून किती पत्रं गेली असतील. आमच्याही वहीत त्यांची चारही पानं भरली, पाचवं जोडलं. उत्तराच्या रकान्यात काही नाही.

दोन्ही हकीकती पहिल्याच दिवशी सांगा. फक्त सुटकेच्या गोष्टी ऐकून आलेला माणूस सहा महिन्यांत खचतो. पत्र थांबलं म्हणजे तिकडच्या अधिकाऱ्याला कळतं की या माणसाला आता कुणी मोजत नाही. मी पत्र लिहीत राहते ते मुख्यतः यासाठी.

सहावी पायरी: कैद्याला पत्र

अधिकाऱ्याच्या पत्राहून हे अगदी वेगळं. यात खटल्याचा, सरकारचा, संस्थेचा उल्लेख नको. प्रत्येक पत्र तुरुंगात आधी उघडून वाचलं जातं हे धरून चाला. ज्याला वेळ जाता जात नाही अशा माणसाला लिहिताय, तेव्हा वर्णन लिहा. कास पठारावर यंदा फुलं किती उशिरा आली. पावसात अजिंक्यताऱ्यावरून शहर कसं दिसतं. मांजराला पिल्लं झाली. कार्डावर चित्र असलं तर फार चांगलं.

भाषा तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांना वाचता येईल अशी हवी, नाहीतर पत्र महिनोन्‌महिने पडून राहतं. घरचा पत्ता देऊ नका, गटाने एकच पत्ता ठरवावा. ‘लवकरच सुटाल’ असं लिहू नका, ते वचन आपल्या हातात नाही. पैसे, देवाचे फोटो, पुस्तकं न विचारता पाठवू नका.

वस्तूचंही कधी पत्र होतं. फादर स्टॅन स्वामी भीमा कोरेगाव प्रकरणात तळोजा कारागृहात होते, वय ८३, पार्किन्सन्समुळे हात थरथरायचे. नोव्हेंबर २०२० मध्ये पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांना न्यायालयात अर्ज करावा लागला. ही बातमी वाचून ठिकठिकाणच्या लोकांनी तळोजाच्या पत्त्यावर सिपर मागवायला सुरुवात केली. त्यांना सिपर मिळाला. जामीन मिळाला नाही, खटला उभा राहण्याआधीच ५ जुलै २०२१ रोजी मुंबईतल्या रुग्णालयात ते गेले. त्यांच्यावरच्या आरोपांबद्दल तुमचं मत काहीही असो, थरथरत्या हाताला सिपर हवा यासाठी मत लागत नाही.

सातवी पायरी: आपल्याच जिल्ह्यातला तुरुंग

दूरच्या कैद्यासाठी लिहिताना जी शिस्त लागते, ती जवळच्या तुरुंगासाठीही उपयोगी पडते. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले. चारांतले तीन. त्यांतले बहुसंख्य विवेकबंदी नाहीत. पोलीस पथक मिळालं नाही म्हणून तारखेला नेलं नाही, जामीन झाला पण जामीनदार नाही, अशी त्यांची रडकथा असते.

इथे काही गोष्टी पाठ असू द्या. अटक झालेल्याला, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावंच लागतं, तसं संविधानाचं कलम २२ सांगतं. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, उत्पन्न कितीही असो, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, किंवा इतरांनी निम्मा, तर सुटकेचा विचार व्हावा लागतो. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, आणि एकाहून जास्त गुन्हे चालू असलेल्यांना हे लागू नाही. त्यासाठी न्यायालयात अर्ज करणं ही तुरुंग अधीक्षकांचीच जबाबदारी आहे. आपण घरच्यांच्या संमतीने त्यांना नम्रपणे एक पत्र लिहून तारखा मोजून दाखवू शकतो. यूएपीएची (बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याची) गोष्ट वेगळी आणि अवघड, तिथे कलम ४३ड(५) मुळे जामीन फार कठीण होतो. ते काम वकिलांवर सोपवा.

कोठडीत मारहाण झाली असेल तर राज्य किंवा राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही, मराठीत लिहिलेली चालते. घटनेपासून एक वर्षाच्या आत करावी लागते. इतकी साधी तक्रार करायची राहून जाते, कारण एक वर्ष कसं गेलं ते घरच्यांना कळतच नाही. तुमची वही इथे कामाला येते.

नियमित काम करायचं असेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक म्हणून नाव द्या. आमच्यातल्या दोघांनी दिलं आहे.

आठवी पायरी: चौकात उभं राहायचं असेल तर

वर्षातून एकदा, १० डिसेंबरला, आम्ही बाहेर उभे राहतो. १९४८ मध्ये त्या दिवशी मानवी हक्कांचा जाहीरनामा संमत झाला. त्याच्या मसुद्यात पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारा शब्द होता. तो बदलून ‘सर्व माणसं’ व्हावं म्हणून भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता झगडल्या. त्या आपल्या मुंबईच्या कायदेमंडळात होत्या. हे आम्ही फलकावर लिहितो, आणि मुली तिथे थांबून वाचतात.

परवानगीचा अर्ज पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी द्या: तारीख, वेळ, जागा, किती जण, ध्वनिक्षेपक आहे की नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोहोच घ्या. जिल्ह्यात त्या काळात जमावबंदीचा आदेश आहे का ते तिथेच विचारा, आपल्याकडे तो वरचेवर निघतो. परवानगी नाकारली तर वाद घालू नका, वाचनालयाच्या आत पत्रलेखन ठेवा. टेबल, कोरी पोस्टकार्डं, प्रकरणाची अर्ध्या पानाची माहिती आणि चार पेनं एवढ्यावर ते होतं. २००१ मध्ये पोलंडमध्ये काही जणांनी असंच एक दिवस आणि एक रात्र बसून पत्रं लिहिली. आज तो दरवर्षीचा जागतिक उपक्रम झाला आहे.

येणाऱ्यांचे मोबाईल नंबर गोळा करू नका. लहान मुलांच्या सह्या घेऊ नका. फोटो काढायचा तर कार्डांचा काढा, चेहऱ्यांचा नको.

पहिल्या बैठकीसाठी

दीड तास ठेवा. पहिली वीस मिनिटं एका कैद्याची हकीकत एकाने वाचून दाखवावी, मध्ये चर्चा नको. मग तासभर लिहिणं, मोबाईल बाजूला. ज्यांना सुचत नाही त्यांनी वरचा नमुना बघावा, पण शब्द आपले वापरावेत. शेवटची दहा मिनिटं पाकिटं. नाव आणि पत्ता लिहिणाऱ्याने नव्हे, शेजारच्याने तपासायचा, कारण स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. पाकीट बंद करण्याआधी वहीत तारीख टाका आणि उत्तराचा रकाना आखून ठेवा. पुढच्या बैठकीची तारीख सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, आणि पत्रं पेटीत टाकायला कोण जाणार ते त्याच वेळी ठरवा. आमच्याकडे काका जातात, सोमवारी सकाळी, पहिली डाक निघायच्या आत.